न घेतलेला सलाम

मंडळी, सलाम! ...एवढाच? घरी भाकरी खाऊन आलात ना? पुन्हा — सलाम! हां, आता घेतलात!

मग सांगा, प्रभुभोजनाला, येशूच्या मेजावरची भाकर घ्यायला यायचं तर तयारी कशाची करता? आंघोळ! इस्त्रीचा सदरा! तिकडे बायका म्हणतात, ठेवणीतलं लुगडं! सगळं झालं. आणि मन? ते कुणी धुतलं? कशानं धुतलं? मंडळी, आजचं कीर्तन त्यावरच, ऐका.

नेवाशाकडच्या एका खेड्यात सगुणाबाई नावाची एक बाई होती. प्रभूच्या मेजावर पांढरं कापड अंथरतात ना, ते धुवायचा मान तिचा. रिठ्यात भिजवायची, नीळ द्यायची, कुणाला बोट लावू द्यायची नाही. "सुरकुती राहिली तर प्रभू काय म्हणेल!" म्हणायची.

तिची धाकटी जाऊ एस्तेर. भिंतीला भिंत लागून घर — आणि बोलणं बंद! कारण काय? एस्तेरची कोंबडी सगुणाबाईच्या कोथिंबिरीत शिरली! हसता काय? कोंबडी कधीच रश्श्यात गेली हो, भांडण तेवढं जिवंत राहिलं!

दर रविवारी उपासना सुटली की एस्तेर दारात दोन्ही हात पुढे करायची — "सलाम, अक्का!" आणि अक्का? पदर सारखा करत निघून जायची. ते हात हातात धरून सलाम घ्यायचीच नाही. एस्तेरचे हात तसेच राहायचे.

एकदा प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना होती. पाळकसाहेब म्हणाले, "कुणाशी अबोला असेल तर आजच मिटवा, मग उद्या मेजापाशी या." सगुणाबाई पहिल्या रांगेत मान डोलावतेय! आणि मागं वळून बघतेय — एस्तेरनं ऐकलं का? आपलंही असंच असतं हं! बोध छान झाला, शेजारणीला अगदी लागू पडला!

पण एस्तेर आलीच नव्हती. तापानं फणफणली होती. संध्याकाळी तिचा नवरा योहान सगुणाबाईच्या दारात आला. "वहिनी, तिचं काही खरं दिसत नाही. सारखं तुमचं नाव घेतेय. जरा चला."

सगुणाबाई उठलीसुद्धा! तेवढ्यात दोरीवरचं ओलं कापड दिसलं. म्हणाली, "भाऊजी, उद्याचं कापड व्हायचंय. सकाळी उपासना झाली की येते."

अरे देवा! कापडाला वेळ आहे, माणसाला नाही!

सकाळी ती कापडाची घडी घालत होती, तर घंटा वाजली. उपासनेची नव्हे. एक ठोका... मग थांबून एक ठोका... तो ठोका कशाचा, ते आपण सगळे ओळखतो. ती कापडासकट धावली.

"एस्तेर! सलाम गं! अगं, घे ना माझा सलाम!" गार पडलेले हात धरून हलवत होती. मेलेलं माणूस सलाम घेत नाही, मंडळी. तिनं हातातलं कापड उलगडलं आणि एस्तेरच्या अंगावर घातलं. त्याच कापडात तिला माती दिली.

प्रभुभोजन पुढच्या रविवारी झालं. मेज उघडंच होतं. पाळकसाहेब भाकर घेऊन आले, तसे सगुणाबाईनं हात मागं घेतले. "नको, साहेब. मी लायक नाही. मी तिचा सलाम घेतला नाही!" भर उपासनेत ढसाढसा रडली.

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, लायक माणसासाठी ही भाकर मोडलेलीच नाही. प्रभूनं आधीच हात पुढे केलेत, खिळ्यांचे हात आहेत ते. घे."

तरी तिचे हात पुढे होईनात. तेव्हा पुरुषांच्या बाजूनं योहान उठला. तिच्यासमोर आला, दोन्ही हात पुढे केले.

"सलाम, वहिनी. माझा नाही, तिचा. जाताना म्हणाली, अक्का आल्या की माझा सलाम द्या."

सगुणाबाईनं तो सलाम घेतला. आणि मग त्याच हातांवर भाकर घेतली. क्षमा मिळाली हो तिला! पण जाऊ नाही मिळाली. ते दुःख तिला जन्मभर पुरलं.

आता आपल्यापुढंही मेज मांडलंय. कापड स्वच्छ आहे, मी बघितलंय! पण ज्याचा सलाम तुम्ही घेतला नाही, असा कुणी याच मांडवात बसलाय. कोण, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. आणि तो अजून जिवंत आहे, मंडळी!

ह्या झांजा मी खाली ठेवल्या. पुढचं पद आत्ता म्हणत नाही. उठा, जा त्याच्याकडे. मी थांबतो.