श्रुतिका टीचरच्या वहीतली लाल ओळ

नाय, मला सांगा, भर वर्गात कुणी बोललं, 'परब, तुझ्यात दम नाय,' तर माणूस काय करणार? दम दाखवणार ना! विकी बोलला, मी दाखवला, आणि तिथेच वाट लागली... पण थांबा, विकी नंतर. आधी माझी जळली का ते ऐका, नायतर तुम्ही पण मलाच उभं कराल.

तर आमच्या दिंडोशीच्या शाळेत, नववी ब मध्ये, श्रुतिका टीचर आली. पूर्ण टीचर नाय हां, बी.एड. शिकतेय, आमच्यावर हात बसवायला आलेली. महिनाभर तिने सराव पाठ घ्यायचे, आणि आमच्या सुलक्षणाबाईंनी मागे बसून तिच्या वहीत लाल पेनाने शेरा लिहायचा. पहिल्याच दिवशी काय? खडू तीनदा पडला, पेशीचं चित्र काढलं आणि केंद्रकच विसरली! मधला तो गोळा हो, मेन माणूस! मला वाटलं, आता बाई हिला सोलणार. कारण तुम्हाला सांगतो, आदल्या आठवड्यात मी तोच गोळा विसरलो तर बाई काय बोलल्या? 'परब, पेशी अगदी तुझ्यावर गेलीय. आत काहीच नाही!' आख्खा वर्ग हसला, वरचा पंखा पण हसला. आणि हिला? असा आवाज... बासुंदी! 'होतं गं श्रुतिका. मी तर पहिल्या पाठाला रडले होते. चल, चहा घेऊ.' चहा! गोळा विसरली तर तिला चहा, आणि आम्हाला? ठेंगा!

मग मधल्या सुट्टीत टेबलावर तिची वही उघडी. वाचली मी. दुसऱ्याची वाचायची नसते, माहितेय, पण लाल अक्षर दिसलं की माझा डोळा आपोआप जातो, सवय आहे. काय लिहिलेलं? 'आज आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. शाब्बास!' अहो, शेवटच्या बाकावर कोण बसतो? मी! पोचवणारीला शाब्बास, आणि तीस मिनटं ऐकणाऱ्याला? ठेंगा! दुसऱ्या दिवशी, 'फळ्यावरचं अक्षर सुरेख.' तिसऱ्या दिवशी, 'चेहऱ्यावर हसू होतं, असंच ठेव.' हसू! मी वर्गात हसलो तर बाहेर उभा!

माझ्या वहीत बाईंची एकच ओळ. पहिलीपासून वेगवेगळ्या बाई, पण ओळ तीच. 'उद्या पालकांना घेऊन येणे.' इतक्या वेळा आलीय ती, की डोळे मिटून काढतो मी, वेलांटीसकट, खालच्या सुलक्षणाबाईंच्या सहीसकट.

हे वर्गातल्या त्या विकीला माहीत. तो बोलला, 'एवढी जळते ना तुझी? मग तीच ओळ टीचरच्या वहीत लिही. लिहिलीस तर मानलं. नायतर बोल, तुझ्यात दम नाय.' आता बोला! बाईंचाच लाल पेन, बाईंचीच सही, ठोकून दिली. मला वाटलं, वाचेल, हसेल. तेवीस वर्षांची बाई, ती काय पालकांना आणणार?

आणलं!

सकाळी बघतो तर माझ्या बाकावर एक काका. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हात मात्र आमच्या फळ्यासारखे खरबरीत. शिपायाने बसवलेले, बाई येईपर्यंत. टीचर दाराशी उभी, डोळे सुजलेले, बाईंना विचारायची पण हिंमत नाय झाली तिची. काका हळूच मला बोलले, 'पोरा, मी भाऊराव. श्रुतिकाचा बाप. आरेत गोठ्यावर असतो, धारा काढून थेट आलो. खरं सांग, कशी शिकवती रं माझी लेक?' मी काय बोलणार? बोललो, 'बरी शिकवते.' तर बोलतात, 'मग बोलावलं का? काल जेवली नाय ती. म्हणती, बाबा, मला नाय जमत, मी सोडते. आमच्यात पहिलीच हाय रं एवढी शिकलेली.'

वाट मी लावलेली, ते कळलं. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा पण जळलीच! माझे पप्पा शाळेत येतात ते जिन्यातच बाही वर करून. आणि ह्यांनी लेकीसाठी शर्टाला इस्त्री केलेली!

बाई आल्या. 'मी? मी बोलावलं?' वही बघितली. चष्मा काढला, पुसला, परत बघितली. 'अक्षर तर माझंच आहे... सहीपण... अगं बाई, ती बीपीची नवीन गोळी...' मग काय, सावरायला लागल्या. 'भाऊराव, तुमची मुलगी म्हणजे हिरा! मुलांवर कधी चिडत नाही, रोज काल चुकलेलं आज सुधारून येते...' दहा मिनटं! मी मोजली! माझ्या पप्पांना नऊ वर्षांत दहा सेकंद तरी कोणी असं ऐकवलं? ठेंगा!

काकांचे डोळे भरले. पण टीचर? तिने हळूच वही मिटली. बोलली, 'बाई, बाबांसमोर मला वाईट वाटू नये म्हणून बोलताय. खरं काय ते तुम्ही लिहिलंयत. आधीचं सगळं पण मन राखायला लिहिलेलं ना?' आणि घेतली बॅग. आता बाईंनी कितीपण साखर ओतली तरी काय उपयोग? त्या एका ओळीने आधीची सगळी शाब्बास पुसली. आणि ती ओळ कोणाची? मी विकीकडे बघितलं. विकी खिडकीतून डोंगर बघतोय, जसा काय डोंगर आजच आला.

उठलो. बोललो, 'बाई, ती ओळ... मी लिहिली.'

बाई फाडकन बोलल्या, 'खाली बस परब, चेष्टा नको! तू आणि हे अक्षर?' घ्या! गुन्हा कबूल करतोय तरी विश्वास नाय! बोललो, 'आईशप्पथ बाई, मीच. तुम्ही रोज तिला शाब्बास देता, माझी जळली. बाकीचं सगळं तुमचं, ही एकच माझी.' तर खडू हातात दिला. 'लिही फळ्यावर.'

लिहिलं. तीच ओळ, तीच सही. काका एकदा फळा बघतात, एकदा वही. बाईंचा हात डोक्याला. आणि श्रुतिका टीचरची बॅग खांद्यावरून खाली आली, ती फळ्याजवळ गेली, तिने नीट बघितलं, आणि फळ्यावर कोणी नीट लिहिलं की बोलायची सवय हो, तोंडातून निघूनच गेलं, 'शाब्बास, परब!'

तुम्हाला सांगतो, आयुष्यातलं पहिलं शाब्बास... आणि घरी सांगायची सोय नाय!