पेन्शनवाढीची चौकशी

(धुळे, १९५२. चौथ्या गल्लीत मगन शिंप्याचं घर. त्याची आई बेबाबाई ही ‘रेवाबाई प्रसूतिगृहा’त दाई होती. तिथला कारकून पंडित ओट्यावर कागद घेऊन बसला आहे.)

मगन : शेजारी जे विचारलं, ते आता माझ्यासमोर विचारा.

पंडित : चौकशीचा भाग आहे रे. चिडू नकोस.

मगन : चुडामणच्या बायकोला विचारलंत, मुलगा म्हातारीला जेवायला घालतो का. दुपारपर्यंत गल्लीभर झालं. कपडे टाकायला आलेली माणसं माझ्याकडे अशी बघतात, जसं मी मायला उपाशी ठेवतो.

पंडित : ट्रस्टींचा ठराव आहे. ज्याला कोणी सांभाळत नाही, त्याचंच पेन्शन वाढवायचं. वाढ त्यांच्या मर्जीची, म्हणून खात्री करावी लागते.

बेबाबाई : डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावर गेला होतात का खात्री करायला?

पंडित : अक्का, त्यांचं वेगळं.

बेबाबाई : दवाखान्यातून तेही निवृत्तच, पण त्यांच्या पेन्शनला चैत्रातच वाढ मिळाली. मुलगा वकील आहे त्यांचा. त्याला विचारलंत, बापाला भाकर देतो का?

पंडित : त्यांचं ट्रस्टींनी आपणहून केलं. अर्जसुद्धा नव्हता.

बेबाबाई : माझं पेन्शन लढाईच्या आधी ठरलं, अजून तेवढंच आहे. तेव्हा त्यात महिना निघायचा. आता ज्वारी आणि रॉकेल आणलं की हात रिकामा. डॉक्टरांनाच तेवढी महागाई लागते का?

पंडित : मला पटतं. पण माझ्या हातात काय आहे? एक मार्ग सांगतो. मुलगा वेगळा राहतो, बघत नाही, एवढ्यावर सही करा. मी तसाच अहवाल देतो. पुढच्या बैठकीत मंजूर होईल.

मगन : म्हणजे मी नालायक ठरलो की मायला वाढ.

पंडित : कागदापुरतं रे.

मगन : त्यातल्या दोन ट्रस्टींचे कोट मी शिवतो. उद्या माप घेताना त्यांच्या तोंडाकडे कसं बघू?

बेबाबाई : मगन, तू बस. मी बोलस.

मगन : बसत नई मी. माय, तू सही करशी का?

बेबाबाई : तुले काय वाटस?

मगन : करी दे.

बेबाबाई : काय?

मगन : करी दे सही. तुना डोयाना मोतीबिंदू काढना शे. माले एकल्याले जमत नई, हाई खरं शे. त्यानाच तर राग येस माले.

पंडित : शहाणा आहेस. इथे करा, अक्का.

बेबाबाई : थांबा. पंडितभाऊ, दवाखान्यातून बोलावणं आलं की मी निघायचे. अर्ध्या भाकरीवरून उठायचे. हा तेव्हा एवढासा. कधी चुडामणच्या आईकडे टाकायचा, कधी दाराला कडी लावून आत ठेवायचा. तेव्हा एकही ट्रस्टी चौकशीला आला नाही, दाईचा मुलगा जेवला का म्हणून.

पंडित : अक्का, ते सगळं खरं, पण...

बेबाबाई : आता मात्र तुम्हाला तो लागतो. लिहा, मुलगा सांभाळतो. चांगला सांभाळतो, असं लिहा.

पंडित : मग अर्ज नामंजूर होईल.

बेबाबाई : होऊ द्या. दवाखान्यातल्या तानुबाई स्वयंपाकिणीला मूल नाही, तिला वाढ मिळेल. मिळू द्या. पण ती चुलीपुढे राबली म्हणून मिळू द्या, वांझ राहिली म्हणून नको.

मगन : माय, आनि डोयानं?

बेबाबाई : एक डोया शे अजून. पंडितभाऊ, लिहिलंत का?

पंडित : लिहिलं. मुलगा सांभाळतो. पण वाढ मागण्याचं कारण लिहावं लागेल. ती जागा कोरी ठेवली तर अर्ज बैठकीपुढे जाणारच नाही.

बेबाबाई : मग लिहा, नोकरी केली होती.