लेकीच्या कॉलेजचं नाव

...आणि वर परत सगळे मलाच म्हणतात, वडील तुम्ही आहात, तुम्ही ठरवा! अहो, मी शिंपी माणूस, मला पँटची उंची ठरवायला सांगा, लेकीला कॉम्प्युटर सायन्सला कुठे घालायचं ते मी काय ठरवणार? दोन ठिकाणी नंबर लागला तिचा. एक विद्यापीठ असं, की नाव घेतलं की समोरचा सरसावून बसतो... आणि दुसरं कॉलेज असं, की नाव दोनदा सांगावं लागतं. मुदत शुक्रवारी दुपारी बाराची. आता तुम्हीच सांगा, नाव बघायचं की नाही बघायचं?

मेहुण्याला विचारलं, तो सॉफ्टवेअर कंपनीत माणसं निवडतो. म्हणाला, "दाजी, नावच बघा. अर्ज उघडला की आम्ही आधी कॉलेज बघतो." बरं. म्हटलं, मग तुमच्याकडे सगळ्यात हुशार कोण? तर म्हणे एक बाई आहे, तिच्याशिवाय पान हलत नाही. कुठल्या कॉलेजची? "ते कधी विचारलंच नाही बुवा!"

मग वरच्या मजल्यावरच्या पोराला जिन्यातच गाठलं. त्याच मोठ्या विद्यापीठात शिकलाय तो. तोंड वाकडं करून म्हणाला, काका, वर्गात तीनशे पोरं, शेवटच्या बाकावरून सर मुंगीएवढे दिसायचे, शिकलो ते सगळं मित्रांकडून. झालं! मी खूश, म्हटलं नाव नुसतं पोकळ तर! तर लगेच म्हणे, "पण असे मित्र दुसरीकडे कुठे मिळाले असते?" ...म्हणजे? माणसानं समजायचं काय? नाव बघायचं की नाही बघायचं?

लेक स्वतः दोन्हीकडे जाऊन आली होती. मोठ्या ठिकाणी तिला लॅब दाखवली, तीही काचेतून. छोट्या ठिकाणी तिनं एका बाईंना काहीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, मला नाही येत हे, बघून सांगते. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून अर्धा तास समजावलं! मी म्हटलं, अगं, येत नाही म्हणणाऱ्या बाईंकडे शिकायला जायचं? तर म्हणे, "बाबा, मला तेच आवडलं." घ्या!

शुक्रवारी सकाळी माझं डोकं असं फिरलेलं, की एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप मी कंबर म्हणून लिहिलं. पावणेबाराला लेक दुकानात आली. मोबाइल माझ्यापुढे धरून हळूच म्हणाली, "मला छोट्या कॉलेजात जायचंय. पण चारचौघांत तुम्हाला कमीपणा वाटणार असेल, तर नाही जात."

पोरीनं आपल्या शिक्षणाचं बघायचं सोडून माझी अब्रू सांभाळायची? म्हटलं, दाब ते प्रवेशाचं बटण. मला कसला आलाय कमीपणा? आणि नाव काय चाटायचंय? दाबलं तिनं. हसत हसत गेली.

ती गेली आणि कोट शिवायला टाकलेलं एक गिऱ्हाईक आलं. विचारलं, मुलगी कुठे घातलीत? मी छाती फुगवून कॉलेजचं नाव सांगितलं. ते नुसतं "असं, असं" म्हणाले आणि कोटाची बटणं मोजायला लागले. आणि तुम्हाला सांगतो, माझी जीभ काही थांबली नाही... "साहेब, त्या मोठ्या विद्यापीठातही नंबर लागला होता हो, आम्हीच सोडला!"

तेव्हापासून जो येईल त्याला हेच ऐकवतोय. लेकीनं ते विद्यापीठ एका बटणात सोडलं, माझ्याच्यानं काही सुटत नाही.