जुन्या कॉम्प्युटरातलं सोनं

माझं माहेर आटपाडीकडचं, सासर खानापूर तालुक्यातलं, आनि आमच्या त्या सगळ्या पट्ट्यातली मानसं गलाईवाली, म्हंजे सोनं वितळवून चोख करून देनारी, देशात कुठंबी सोनाराच्या पेठेत जावा, आमच्याकडचा मानूस घावतोच. तसंच आमचं मालक मद्रासला आलं आनि लगीन झाल्यावर त्यांच्या मागनं मी. माडीवर एक खोली, तिथंच भट्टी, तिथंच चूल. तमिळ एक अक्षर येत न्हवतं मला, पानी पायजे तर मोकळी घागर दाखवायची. शेजारच्या बाया हसायच्या, पन पानी द्यायच्या.

मग मालकांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं, दिनकरला. माझा दीर, पन काय सांगू तुमास्नी, वयनी वयनी करत भाकरी थापताना जवळ येऊन बसायचा, सख्ख्या भावावानी. त्येचं लगीन झालं, रेखा आली, माझी जाऊ, गोरीपान, कमी बोलनारी.

दोन हजार सालाच्या पुढं सोनारांची कामं मोठ्या कारखान्यांकडं जायला लागली आनि आमची भट्टी थंड पडाय लागली. तवा भंगारवाला मुरुगन पोतं घेऊन आला, ऑफिसातनं काढून टाकलेले कॉम्प्युटर. म्हनला, अण्णा, ह्यात सोनं असतंय. आमी हसलो. पन खरंच हुतं. आतल्या पट्ट्यांवर, चिपच्या पायांवर सोन्याचा मुलामा असतोय, तेजाबात, म्हंजे ॲसिडात, टाकलं की सुटतंय. तेजाबाच्या धुरानं पेठेतली मानसं वरडायला लागली, म्हनून शहराच्या कडंला अंबत्तूरला कारखान्यांच्या मागं पत्र्याचं शेड घेतलं.

पयल्यांदा बरं चाललं. जुन्या यंत्रांत सोनं जाड असायचं. मग दरसाल नवं यंत्र यायचं, आदल्यापेक्षा जोरात चालनारं, आनि लोक आदलं फेकायचे. दिनकर मला समजावून सांगायचा, वयनी, ह्या कंपन्यांची एकमेकींत चढाओढ, स्वस्त करायचं म्हनून आतलं सोनं पातळ पातळ करत्यात. म्हंजे पोती वाढली, सोनं कमी झालं, आनि तेवढंच सोनं काढायला तेजाब वाढलं, धूर वाढला. डोळ्यातनं पानी यायचं, घशात आग. मालक तोंडाला फडकं बांधायचं, दिनकर बी बांधायचा, पन फडक्यानं काय हुतंय?

दिनकरचं मन मात्र त्यात न्हवतं. पोतं आलं की आधी एकेक यंत्र वायर लावून बघायचा, आनि पडदा उजळला की मला हाक मारायचा, वयनी, बघा, ह्यो जित्ता हाय, ह्येला कशाला तेजाबात घालायचा! शिकला बगा बघून बघून. ह्येचा एक भाग, त्येचा एक भाग, जोडून उभा करायचा. शेवटी मालकांना म्हनला, दादा, मला दुकान घालू दे, रिपेरीचं. मालक आधी चिडलं, मग हो म्हनलं. अंबत्तूरलाच गल्लीत गाळा घेतला, रेखा दुकानात बसायची, तिथंच तमिळ शिकली. कॉलेजची पोरं, शिकवनीचे मास्तर, गरिबाघरचे लोक यायचे. दिनकरचं तोंड त्या दिवसांत असं खुललेलं असायचं. कपड्यांना तेजाबाचा वास येत न्हवता. तेच दिवस आमचे.

पन नवे कॉम्प्युटर स्वस्त झाले. चपट्या पडद्याचे, हप्त्यावर मिळायला लागले, लॅपटॉप आले. गिऱ्हाईक यायचं, दारातनंच विचारायचं, चपटा हाय का, न्हाई म्हनलं की गेलं. एकदा एक मास्तर त्येच्याकडनंच घेतलेलं यंत्र रिक्षात घालून परत घेऊन आला. दिनकर म्हनला, सर, बिघडलं का? मास्तर म्हनला, बिघडलं न्हाई तंबी, म्हंजे धाकट्या भावा, तुझं काम चांगलं हाय, पन पोरगी म्हनती मैत्रिनी घरी आल्या की लाज वाटती. पैसे नकोत म्हनला, ठेवून गेला. त्या दिवशी दिनकर जेवला न्हाई. मी ताट वाढलं, तसंच झाकून ठेवलं.

दुकान बंद केलं आनि सगळी यंत्रं टेम्पोत घालून शेडवर आनली. मालक म्हनलं, तू ऱ्हाऊ दे, मी फोडतो. न्हाई म्हनला. सोता हातोडी घेतली. सगळी चालू यंत्रं हुती हो ती, एकेक त्येनं जित्तं केलेलं, आनि त्येच्याच हातानं फोडलं. रेखा दाराशी उभी हुती.

मग तेजाबावरच बसला. पयलं घाबरून काम करायचा, आता फडकं बी बांधीना. खोकला लागला. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, डॉक्टरीनबाई म्हनल्या, छाती आतनं भाजल्यावानी झालीय, हे काम आजपासनं बंद. मालकांनी त्याच दिवशी शेडला कुलूप लावलं. पन उशीर झाला हुता. कत्तरीच्या उन्हात, इथं मे महिन्यातल्या उन्हाला कत्तरी म्हनत्यात, दिनकर गेला. माझ्या मांडीवर डोकं हुतं, वयनी, वारा घाला म्हनला. मी घालत हुते. फॅन बी चालू हुता. त्येला वाराच पुरंना.

मालक आता एका देवळाच्या ट्रस्टमधी राखन करत्यात. एवढंच म्हनत्यात, मीच बोलावला त्येला.

गावाकडनं निरोप आला, रेखाला माहेरी धाडा. ती म्हनली, आक्का, मी जात न्हाई. श्रीपेरुंबुदूरकडं नवी कंपनी निघाली, कॉम्प्युटर जोडत्यात, तिथं लागली. पहाटं कंपनीची बस येती. डोक्याला टोपी, हातात मोजे, म्हनती लई स्वच्छ हाय, आक्का, धूळ सुदिक नसती. नवीकोरी यंत्रं हातातनं पुढं जात्यात. ती जुनी झाल्यावर कुठं जात्यात ते तिला ठावं हाय, मला बी ठावं हाय. आमी दोघी त्ये बोलत न्हाई. संध्याकाळी येती, हातपाय धुती, माझ्यासंगं भात खाती. मी तिचे हात बघती. चांगले हायत. तसेच ऱ्हाऊ देत, बाई.