मोतीरामचा खर्रा

मोतीराम : ...आन् हे तं कोणीच खरं मानणार नाही, नजीरभाई! डॉक्टरबाई आपल्या खुर्चीवरून उठली, मले म्हणे, बसा काका, दुर्बिणीत आता तुमीच पाहा.

नजीर : तू? दुर्बिणीत? तुले गल्लीतला बैल ओळखू येत नाही बे. नातीचं नाव ठेवलं आज, आजच्या दिवशी तरी खरं बोल.

मोतीराम : खरंच सांगून राह्यलो! लाखभर शेपट्या वळवळत होत्या. आपल्या पोराची, प्रसेनजितची फौज. पण कोणाचं डोकं वाकडं, कोणी जागच्या जागी गरगर फिरते. म्या वरडलो, "सरळ चाला बे!" तं दोघं-तिघं झाले ना सरळ.

संजीवनी : (पाळण्याची दोरी ओढत) मामाजी, दुर्बीण तुम्हाला कोणी दाखवलीच नाही. तुम्ही बाहेर बाकड्यावर घोरत होता. डॉक्टरबाईंनी कागदावर काढून समजावलं, ते यांना आणि मला.

नजीर : मंग तूच सांग, सूनबाई. तू कालेज शिकलेली. हा तं फेकतच राह्यते.

संजीवनी : सोपं आहे, चाचा. पुरुषाच्या बीजातला डीएनए थोडाफार तुटतच असतो. तो सांधायला शरीरात वेगळी जीन्स असतात. यांचीही होती, अक्षर न् अक्षर बरोबर. पण त्यांच्यावर रासायनिक ठिपके चढले होते, म्हणून ती गप्प पडली. तुटकं बीज तसंच पुढं जायचं. दोनदा दिवस गेले, दोन्हीदा टिकले नाहीत.

मोतीराम : म्हंजे कसं, मिस्त्री घरात हजर, पण त्याच्या खोलीले बाहेरून कडी!

नजीर : आन् कडी घातली कोणं?

संजीवनी : नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. भट्टीसमोर दहा-दहा तास फुटाणे भाजायचे, ती धग असेल. तोंडात दिवसभर तंबाखूचा खर्रा, तो असेल. दोन्ही सोडा, मग पुन्हा तपासू, पण शब्द देत नाही, म्हणाल्या.

मोतीराम : अन् मंग खरी लढाई झाली ती इथं, याच अंगणात! साळा माहा, शंकरराव, संग्रामपूरहून पोरगी पाहूनच आला. म्हणे, हिची कूस खराब, प्रसेनजितची दुसरी करा. पोराची माय कौशल्याही भावाच्याच बाजूनं. पन्नास माणूस जमलं होतं.

नजीर : मी होतो ना. बारा होते.

मोतीराम : बारा तं बारा, आवाज पन्नासाचा होता. पोरगं रिपोर्ट खिशात घालून मान खाली. ही सून तिकडं दाराशी, पिशवी भरून तयार. मंग म्या उठलो. म्हटलं, "शंकरराव, सुनेत काही खोट नाही. खोट पोरात हाये, आन् ती बापाची देन हाये. चाळीस वर्षं चोरून खर्रा खाल्ला म्या. त्याचे ठिपके पोराच्या अंगात उतरले. आता दुसरी आण नाहीतं दहावी आण, काय फरक पडते?"

नजीर : या अल्ला! शंकररावनं जाताना दुसऱ्याचीच चप्पल घातली.

संजीवनी : बापाची सवय मुलात उतरते का, यावर अजून अभ्यास चालू आहे, असं म्हणाल्या होत्या डॉक्टरबाई.

मोतीराम : तो अभ्यास म्या अंगणात पुरा करून टाकला!

नजीर : पण एक गोष्ट मले तेव्हापासून खटकते, मोतीराम. तीस साल संगं बसतो आपण. तुह्या तोंडाले खर्र्याचा वास कधी आला नाही.

मोतीराम : चोरून खायचा तं तुले वास देऊ? आन् सोडला का नाही सगळ्यायच्या समोर? प्रसेनजितले म्हटलं, म्हातारा बाप चाळीस वर्षांची सवय सोडते, तुले काऊन जमत नाही? सोडला पोरानं! भट्टीवर पाळ्या लावल्या. वर्षानं रिपोर्ट आला, तुटकं पार निम्म्याच्या खाली. आन् आज पाहा, साडेसात किलोची नात महामाया पाळण्यात!

संजीवनी : तीन किलो शंभर ग्रॅम.

मोतीराम : दिसते तं साडेसातचीच. अख्ख्या धामणगाव बढे गावात अशी पोरगी झाली नाही. कौशल्या सकाळपासून तिले खाली ठेवत नव्हती. आन् झबलं कोणं आणलं? शंकररावनं, सोताच्या हातानं! घे नजीरभाई, फुटाणे घे, गरम हायेत. तू काऊन हासून राह्यली वं माय?

संजीवनी : गावानं मानलं, सासूबाईंनी मानलं, यांनी तर अजून मानलेलं आहे. पण मामाजी, आठ वर्षं या घरचे कपडे मी धुते. खर्र्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या निघायच्या त्या यांच्या खिशातून. तुमच्या खिशातून फुटाण्यांशिवाय कधीच काही निघालं नाही.