तिघांतले दोघं

‘तिघांतले दोघं शोभेपुरते, जागा चीफच्या जावयाची’ — असं म्हणाला तो पोलिसांतला लेफ्टनंट, तिथं, काउंटरला कोपर टेकून, आणि मी त्यांच्याच इस्त्रीच्या युनिफॉर्मांच्या रांगेमागे उभी, हातात रिकामा हँगर — त्यांना वाटलं मागे कुणी नाही. हलू नका हं, टाचणी लागेल. पँट चांगली चार बोटं लांब आहे तुमची. तयार सूट असाच असतो, कुणातरी उंच माणसाच्या मापाचा. तर त्याच्याबरोबरचा दुसरा पोलीस म्हणाला, मग बाकीच्या दोघांना कशाला बोलवायचं, आणि लेफ्टनंट म्हणाला, नियम आहे बाबा, लेखी परीक्षेत वर आलेली तीन नावं पॅनेलसमोर बसवावीच लागतात, मग त्यातलं कुठलंही उचला — आणि हसले दोघं, आणि घंटी वाजवली, आणि मी बाहेर येऊन त्यांचे शर्ट त्यांच्या हातात दिले. ‘कॉलरला कडक स्टार्चच हवा होता ना?’ असंही विचारलं. मी अशीच आहे. अख्ख्या वेल्टन गावात कुणालाही विचारा, मर्ना कशी आहे — म्हणतील, कोण, ती लाँड्रीतली? बोलते का ती?

आता तुम्हीच आल्या आल्या विचारलंत, चेहरा का उतरलाय म्हणून, आणि बाहेर बर्फ पडतंय, दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून सांगतेय. शोभेच्या दोघांत माझा नवरा आहे. टॅड. ऑक्टोबरात लग्न झालं आमचं, सासूबाईंच्या घरी वरच्या खोलीत राहतो, भिंतीवर त्याच्या शाळेतल्या हॉकीच्या ढाली अजून तशाच — सकाळी डोळे उघडले की मला वाटतं, मी कुणा शाळकरी पोराच्या खोलीत चोरून शिरलेय. आणि खाली स्वयंपाकघरात रोज जेवणाच्या वेळी पॅनेल बसतं. हो, पॅनेल, सरावाचं. टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या. एकीवर सासूबाई, दुसरीवर शेजारचा वॉल्ट — शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त — आणि मधल्या खुर्चीवर मी. अध्यक्ष. का, तर वॉल्ट म्हणाला, अध्यक्ष सगळ्यांत कमी बोलतो. टॅड कोट-टाय घालून मागच्या ओसरीत थंडीत उभा राहायचा, दार ठोठावायचा, मग आत. बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, उत्तर देताना आधी विचारणाऱ्याकडे बघायचं आणि शेवटचं वाक्य बाकीच्या दोघांना वाटून टाकायचं. आणि ‘मला लोकांना मदत करायला आवडतं’ हे काही झालं तरी म्हणायचं नाही, सगळेच म्हणतात. — दुसरा पाय पुढे घ्या जरा. — एकदा सासूबाईंनीच विचारलं, समजा लाल सिग्नल तोडणारी गाडी तू अडवलीस आणि आत तुझी आईच आहे, तर? टॅड म्हणाला, ‘मॅडम, इतरांना करीन तेच. दंडाची पावती फाडीन.’ बरोबर उत्तर आहे ते. पण सासूबाई म्हणाल्या, ‘नऊ महिने वागवला मेल्याला, आणि माझीच पावती फाडतोय,’ आणि त्या दिवशी याच्या ताटात बटाटा भरलेली एकही पिरोगी पडली नाही. वॉल्टनं याच्या वाटणीच्याही खाल्ल्या. आणि वॉल्टचा लाडका प्रश्न म्हणजे, चोरी झालेल्या दुकानात तुझ्याच जोडीदारानं काही खिशात घातलं तर काय करशील —

तुमचे ओठ हलले.

नाही, हलले. आरशात दिसतंय मला. ‘आधी त्याला तिथंच थांबवीन, मग सार्जंटला कळवीन’ — हेच ना? टॅडचेही असेच हलतात, दात घासताना. मंगळवारच्या आत हवा म्हणालात सूट, आणि मला वाटलं, कुणाची मयत असेल. म्हणजे शोभेतले दुसरे तुम्ही. जावई तर तुम्ही नव्हे. जावयाचे कपडे त्याची बायको आणून टाकते, तो गाडीत बसून राहतो. हे बघा, हे तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं होतं, पण पायाला टाचण्या लावून उभं केल्यावर नको होतं सांगायला. ते माझं चुकलं.

बसू नका, टोचतील. ऐका तरी. टॅडला पलीकडच्या काउंटीत तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी देऊ केली होती. तुरुंग म्हणजे काही कुणाचं स्वप्न नाही, मलाही कळतं. पण तिथं बेकरीच्या वर दोन खोल्या बघून आलो होतो आम्ही — स्वतःचा जिना, स्वतःची किल्ली. खिडकी किती रुंद आहे तेही मी हातानं मोजून ठेवलं, पडद्यासाठी. हो की नाही ते आज शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. टॅड म्हणायचा, मंगळवारचं होऊ दे, मग बघू. मंगळवार शुक्रवारच्या नंतर येतो, हे त्याला कोण सांगणार? मीच. आणि मी आठवडाभर मुकी. सासरे, थोरले वोझ्नियाक, याच पोलीस ठाण्यात होते, वारले तेही वर्दीतच, आणि टॅड कोट घालून जिन्यावरून उतरला की सासूबाई हातातलं काम थांबवून बघत राहायच्या — त्या बघण्यात माती कशी कालवायची?

काल कालवली. तो ओसरीतून आत आला, खांद्यावर बर्फ, बसला, आणि मी अध्यक्षाच्या खुर्चीवरून सगळं सांगून टाकलं — लेफ्टनंट, जावई, सगळं. वॉल्टनं काटा खाली ठेवला. सासूबाई सिंककडे बघायला लागल्या. त्यांना नवीन नव्हतं ते. आणि टॅडचे हात गुडघ्यांवरून हललेसुद्धा नाहीत. म्हणाला, ‘माहीत आहे मला. मागच्या खेपेला चीफचा भाचा होता.’ मी म्हटलं, मग तुरुंगवाल्यांना सकाळी फोन कर, अजून वेळ आहे. ‘त्यांना सोमवारीच नको म्हणून कळवलंय,’ म्हणाला. असं — जसं काही दूध संपलंय म्हणून सांगतोय. ‘वोझ्नियाकचा पोरगा पॅनेलला घाबरून पळाला, असं या गावात कुणी म्हणायला नको. चल, मर्ना, पुढचा प्रश्न विचार.’

उतरा आता स्टुलावरून, सावकाश. सोमवारी संध्याकाळी न्या, इस्त्री करून ठेवते. जाणारच ना तरीही तुम्ही? जाणार. ओळखता येतं मला, एकाबरोबर राहते मी.

काय विचारलं म्हणता? काही नाही विचारलं. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी खुर्ची जरा मागे सरकवली, आणि म्हटलं, ‘आमचे प्रश्न संपले, मिस्टर वोझ्नियाक. तुम्ही जाऊ शकता.’