पोट धुणारा मासा

त्या दिवशी कुसगावात धुकं असं दाट, की दारातून गोठा दिसत नव्हता. आमची गाय पोट फुगून धापा टाकत होती. डॉक्टरनं पोट चिरलं नि लोणावळ्याला फिरायला येणाऱ्यांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा हा एवढा गोळा काढला. गायीनं वैरणीला तोंड लावलं, तेव्हा कुठं मला चहा गोड लागला.

डॉक्टर म्हणाला, "आबा, समुद्रात टायगर शार्क नावाचा मासा असतो. अंगावर वाघासारखे पट्टे. दिसेल ते गिळतो, टायरसुद्धा. सोसलं नाही, की पोटच तोंडातून बाहेर काढतो, उलटं करून धुतो नि परत आत घेतो."

मी हातच जोडले. "ना सुई, ना टाका! लय शहाणं जनावर."

शेजारची सखू म्हणाली, "शनिवार-रविवार लोणावळ्यात काढू दे त्याला, आबा. पोट आत घ्यायला सवडच मिळायची न्हाई!"